लहान विमान उतरताना पडतं, त्याआधी जमिनीवर होणाऱ्या या चुका टाळा

लहान जेट विमान उतरताना पडलं की दुसऱ्या दिवशी पानटपरीवर दोनच कारणं ऐकू येतात. एक, इंजिन बंद पडलं असेल. दोन, पायलट चुकला असेल. चौकशीचे अहवाल वाचले तर चित्र वेगळं दिसतं. अशा कितीतरी अपघातांत इंजिनं शेवटपर्यंत चालू होती, टाकीत इंधन होतं, पायलट नवखे नव्हते. फक्त त्या विमानानं आजच, आत्ताच, इथंच उतरायचं असं सगळ्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आणि त्या सगळ्यांमधले बरेच जण विमानात नव्हतेच, ते खाली उभे होते.

म्हणून हा लेख पायलटांसाठी नाही. त्यांना शिकवायला त्यांची माणसं आहेत. सभेचे आयोजक, तहसील आणि पोलिसांचे कर्मचारी, एअर अ‍ॅम्ब्युलन्स बोलावणारे नातेवाईक, हवाईपट्टीला लागून वावर असलेले शेतकरी आणि ड्रोन उडवणारी पोरं यांनी तो वाचावा.

विदर्भापुरतं बोलायचं तर नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर सगळं आहे. 3200 मीटरची धावपट्टी, कंट्रोल टॉवर, आणि रेडिओ लहरींच्या आधारानं ढगांतून विमानाला पट्टीच्या तोंडाशी आणून सोडणारी यंत्रणा. नागपूर सोडलं की गोष्ट बदलते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल 2025 मध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, तिथली धावपट्टी 1850 मीटरची. गोंदियाजवळची बिरसीची पट्टी इंग्रजांच्या काळातली. अकोल्याची शिवणी, यवतमाळ, चंद्रपूरजवळचं मोरवा, इथं नेत्यांची आणि कारखानदारांची विमानं अधूनमधून येतात. लहान पट्टीवर पायलटाचा मोठा आधार म्हणजे त्याचे डोळे. ठरलेल्या किमान उंचीपर्यंत यायचं, पट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर वर जायचं. वर जाण्याला त्यांच्या भाषेत गो-अराउंड म्हणतात. पुढच्या सगळ्या चुकांमध्ये एक गोष्ट समान आहे: प्रत्येक चूक हा वर जाण्याचा रस्ता थोडाथोडा बंद करत नेते.

‘या न जी, इथं एकदम मोकळं हाये’

सगळ्यांत घातक फोन हाच. विमान मुंबईहून निघायच्या आधी कुणीतरी इकडच्या ओळखीच्या माणसाला विचारतं, हवा कशी आहे? तो अंगणात येतो, मान वर करतो, डोक्यावर निळं आकाश दिसतं, आणि सांगून मोकळा होतो. तो खोटं बोलत नाही. पण त्यानं पाहिलं वर, आणि पायलटाला पाहायचं असतं आडवं.

गोंदिया-भंडाऱ्याकडं तळ्यांच्या आणि वैनगंगेच्या पट्ट्यात हिवाळ्याच्या सकाळी धुकं जमिनीला चिकटून असतं. समजा थर फक्त दोनशे फुटांचा आहे. खालच्या माणसाला त्यातून आकाश दिसतं. वरून आलेल्या पायलटालाही पट्टी थेट खाली स्वच्छ दिसते, त्याचाही जीव भांड्यात पडतो. मग तो वळसा घेऊन तीन अंशांच्या तिरप्या उतारानं खाली यायला लागतो, आणि तोच दोनशे फुटांचा थर त्याच्या वाटेवर जवळपास 1200 मीटर लांबीचा होतो. आता दिसली होती ती पट्टी अचानक नाहीशी होते. ‘आत्ताच तर पाहिली, इथंच आहे’ म्हणून आणखी थोडं खाली जाण्याचा मोह इथंच होतो. पट्टी न दिसता किमान उंचीच्या खाली उतरणं हे अशा अपघातांच्या अहवालांत वारंवार येणारं कारण आहे.

धुराचंही तसंच. कापूस संपला की पऱ्हाटी पेटते, धुरे पेटतात, धानाची धसकटं पेटतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात. हा धूर संध्याकाळी खाली बसतो, आणि पश्चिमेकडं तोंड करून उतरायचं असेल तर मावळता सूर्य त्या धुराची पांढरी भिंत करून टाकतो. खाली उभ्या असलेल्याला ‘थोडंसं धुरकट आहे’ एवढंच वाटतं. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर उड्डाण करायचं तर साधारण पाच किलोमीटरपर्यंत दिसायला हवं असा दंडक आहे. पाच किलोमीटर म्हणजे बहुतेक ठिकाणी पुढचं गाव, किंवा त्याच्याही पुढचं.

कुणी विचारलंच तर मत देऊ नका, जे दिसतं ते सांगा. ‘पट्टीपासून तीन किलोमीटरवरची पाण्याची टाकी दिसते, पलीकडची टेकडी दिसत नाही, वेळ सात पन्नास, वारा टेकडीकडून येतोय.’ एवढं पुरे. ‘या’ किंवा ‘नका येऊ’ हे तुमचं काम नाही. विमानांसाठीचं हवामान सांगायला हवामान खात्याची स्वतंत्र व्यवस्था आहे आणि नागपूरला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. कंपनीनं तिथली माहिती घेतली का, एवढं मात्र तुम्ही जरूर विचारा. त्यात हवेच्या दाबाचा आकडाही असतो. विमानातलं उंचीमापक त्याच आकड्यावर लावतात आणि तो एका हेक्टोपास्कलनं चुकला की उंची सुमारे 28 फुटांनी चुकते. खऱ्या दाबापेक्षा दहानं जास्त लावला गेला तर जवळपास 280 फूट, म्हणजे पायलट समजतो त्याहून एका मोठ्या मनोऱ्याइतका खाली.

‘साहेबांची सभा थांबली आहे’

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात अस्पेन नावाचं डोंगरांनी वेढलेलं गाव आहे. 29 मार्च 2001 ला कॅलिफोर्नियाहून तिथं भाड्यानं घेतलेलं एक गल्फस्ट्रीम-3 जेट निघालं. प्रवासी उशिरा आले, विमान उशिरा सुटलं. अस्पेनला त्या विमानानं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत उतरायलाच हवं असं बंधन होतं. कदाचित दुसऱ्या विमानतळावर न्यावं लागेल, असं पायलटानं आधीच सुचवलं होतं. त्यावर विमान भाड्यानं घेणारा भडकला, आणि तो भडकल्याची खबर पायलटापर्यंत पोचली. अंधार पडत होता, बर्फ भुरभुरत होतं, पुढची विमानं पट्टी न दिसल्यामुळं परत फिरत होती. यांनी मात्र किमान उंचीच्या खाली उतरत पट्टी शोधली. विमान धावपट्टीच्या अलीकडं डोंगरउतारावर आदळलं. 15 प्रवासी आणि 3 कर्मचारी, सगळे 18 जण गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं अहवालात ग्राहकाचा दबाव हे अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून स्पष्ट लिहिलं.

आता हा प्रसंग आपल्याकडं आणून पाहा. मैदानात दुपारपासून माणसं बसली आहेत. मंचावर स्थानिक नेते भाषणं लांबवत आहेत. आयोजकाचा फोन स्वीय सहायकाला, त्याचा कंपनीच्या मॅनेजरला, मॅनेजरचा पायलटला. प्रत्येक जण फक्त ‘काय स्थिती आहे?’ एवढंच विचारतो. कुणीच म्हणत नाही की जीव धोक्यात घाल. पण चार फोन झाल्यावर पायलटाला जे ऐकू जायचं ते ऐकू गेलेलं असतं. दबाव नेहमी आरडाओरडा करून येत नाही, आपल्याकडं तर तो बहुधा ‘बघा ना जमतं का’ अशा गोड आवाजातच येतो.

बरं, आपला माणूस अडून का बसतो? कारण दुसरी सोय केलेली नसते. विमान नागपूरला वळलं तर तिथं गाडी नाही, बंदोबस्त नाही, जेवणाचं ठरलेलं नाही, सगळा कार्यक्रम कोलमडतो. यावर उपाय अगदी साधा आहे आणि त्याचा खर्च मंचामागच्या एका फ्लेक्सहून फार जास्त नाही: नागपूरला गाडी उभी ठेवा. अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ ही गावं नागपूरपासून रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत, गोंदियाही फार लांब नाही. अमरावतीच्या बाजूला तर आता समृद्धी महामार्ग आहे. अडीच-तीन तासांत माणूस पोचतो. कार्यक्रमपत्रिकेतच दोन वेळा लिहा, विमान इथं उतरलं तर अमुक, नागपूरला उतरलं तर तमुक. आणि ती गाडी उभी आहे हे पायलटाला उड्डाणाआधी कळू द्या. वर जाण्याचा निर्णय घेताना आपण कुणाची पंचाईत करतो आहोत असं त्याला वाटता कामा नये.

दुसरं, फोन करणारा माणूस एकच ठेवा. तो कंपनीच्या नियंत्रण कक्षाशी बोलेल, पायलटाशी थेट नाही. मागच्या सीटवरच्या साहेबांनी कॉकपिटच्या दारात येऊन ‘मागच्या वेळी तर उतरलो होतो’ म्हणणं बंद झालं पाहिजे. हे त्यांना सांगायची हिंमत आयोजकात नसते, म्हणून त्यांच्या स्वतःच्या कार्यालयानं आधीच सांगावं.

एअर अ‍ॅम्ब्युलन्सचा मामला अवघड आहे, कारण तिथं घाई खोटी नसते. घरचा माणूस अतिदक्षता विभागात, डॉक्टरनं तासांचा हिशोब दिलेला. तरीही ‘बाबांची तब्येत फार नाजूक आहे हो, कसंही करून या’ हे पायलटाला ऐकवू नका. अमेरिकेतल्या अनेक रुग्णवाहू हवाई सेवांमध्ये रुग्णाची अवस्था पायलटापासून मुद्दाम लपवतात. त्याला फक्त विचारतात, अमुक ठिकाणी, अमुक वेळी जाता येईल का? हो किंवा नाही. रुग्ण लहान मूल आहे की म्हातारा, हे कळलं की माणूस हवामानाकडं वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. रुग्णाला आधीच रस्त्यानं नागपूरला हलवून तिथून विमानानं पुढं न्यावं का, हा प्रश्न डॉक्टरला सर्वांत आधी विचारा.

विमान घिरट्या घालतंय, उतरत नाही: खालच्यांनी काय करायचं?

घिरट्या म्हणजे बिघाड असं नाही. पायलट वारा पाहत असतो, पट्टीवर जनावर आहे का पाहत असतो, ढग सरकायची वाट पाहत असतो. खाली आलेलं विमान एकदम मोठा आवाज करून वर गेलं, तर लोक ‘वाचलं बापा’ म्हणतात आणि व्हिडिओ फिरवतात. खरं तर ते काम चोख झालं. दुर्दैवानं असं फार कमी वेळा होतं. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासात दिसलं, की ज्या वेळी वेग, उंची किंवा दिशा नीट बसलेली नसते, म्हणजे परत वर जाणंच योग्य असतं, त्यांतल्या शंभरातल्या साधारण तीनच वेळा पायलट परत फिरतात. बाकीचे ‘जमेल’ म्हणून पुढं जातात. बहुतेक वेळा जमतंही, आणि तीच सवय अंगाशी येते.

अशा वेळी खालच्यांनी पट्टी रिकामी ठेवायची आणि स्वस्थ बसायचं. रुमाल हलवू नये, फटाके लावू नयेत. अंधारात जीपचे हेडलाइट पट्टीकडं वळवण्याची युक्ती तर बिलकूल नको. आजूबाजूला मिट्ट काळोख आणि पुढं दोन-चार दिवे, अशा दृश्यात पायलटाला आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असा भास होतो आणि तो नकळत खाली येतो. अरुंद पट्टीही असाच भास करते. रात्रीच्या दिव्यांची व्यवस्था नसेल तर सूर्य मावळल्यावर तिथं विमान बोलवायचंच नाही.

पहिल्यांदा वर गेलं, दुसऱ्यांदाही वर गेलं, तर तिसऱ्या प्रयत्नाची वाट पाहत बसण्यापेक्षा तुमच्या त्या एकाच माणसानं कंपनीला आपणहून कळवावं: ‘नागपूरला गाडी तयार आहे, खुशाल जा.’ एवढ्या एका वाक्यानं वरचं किती ओझं उतरतं!

‘पायलट चुकला’ म्हणून फाईल बंद करणं

गावकरी अनेकदा अपघात फार अचूक सांगतात. ‘वळता वळता एका पंखावर कलंडलं आन् दगडावानी खाली आलं.’ हे वर्णन ऐकलं की अभ्यासकाला पहिला संशय येतो तो स्टॉलचा. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंखावरून हवा नीट वाहणं थांबतं, पंख विमानाला उचलून धरत नाही. जमिनीपासून हजारभर फुटांच्या आत हे झालं तर सावरायला जागाच उरत नाही.

वळताना हे का होतं, त्याचा हिशोब असा. विमान जितकं कलंडतं तितकं त्याचं वजन जणू वाढतं, आणि ज्या वेगाखाली स्टॉल होतो तो वेगही वाढतो. 30 अंश कललं तर साधारण 7 टक्क्यांनी, 45 अंशांना 19 टक्क्यांनी, 60 अंशांना 41 टक्क्यांनी. उतरतानाचा वेग स्टॉलच्या वेगापेक्षा साधारण 30 टक्के जास्त ठेवलेला असतो. म्हणजे 60 अंशांच्या वळणात ती सगळी शिल्लक संपून वर उधारी होते. पायलट शेवटच्या वळणाला उशिरा लागला, मागच्या वाऱ्यानं पट्टीच्या रेषेपलीकडं ढकलला, की ‘जरा जोरात वळवू’ म्हणतो. खालच्यांना दिसतं ते कलंडणं हेच.

15 मे 2017 ला अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या टेटरबोरोला एक लिअरजेट 35ए असंच पडलं. विमानात फक्त दोन पायलट होते, प्रवासी नव्हते. वारा जोराचा आणि झोतांचा, एका पट्टीच्या रोखानं येऊन वळसा घेऊन दुसऱ्या पट्टीवर उतरायचं होतं, वळसा उशिरा सुरू झाला. कंपनीच्या नियमानं ज्यानं विमान चालवायला नको होतं तो सहवैमानिक बराच वेळ चालवत होता. बिघडलेला उतार सावरत बसण्याऐवजी वर जायला हवं होतं, हा अहवालाचा निष्कर्ष. त्याच्या दीड वर्ष आधी, 10 नोव्हेंबर 2015 ला, ओहायोतल्या अ‍ॅक्रनला भाड्याचं हॉकर 700 उतरताना वेग घसरून स्टॉल झालं आणि एका इमारतीवर पडलं. विमानातले नऊही जण गेले. तिथं चौकशी पायलटांवर थांबली नाही. कंपनीचं प्रशिक्षण, तिथली ढिलाई, देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेचं दुर्लक्ष, सगळं निघालं. पायलट चुकला हे उत्तर खरं असलं तरी अर्धंच असतं. तो त्या दिवशी का चुकला, त्याला कुणी चुकू दिलं, ते उरलेलं अर्धं.

वेग, ओली पट्टी आणि मागून येणारा वारा

हा भाग थोडा गणिताचा आहे, पण पट्टीच्या कामाशी संबंध असलेल्या प्रत्येकानं वाचावा. लहान जेट साधारण 120 नॉटनं टेकतं असं धरा, म्हणजे ताशी 222 किलोमीटर, सेकंदाला 62 मीटर. टेकायच्या आधी विमान पाच सेकंद नुसतं तरंगत राहिलं तर तीनशे मीटर पट्टी मागं पडली. 1850 मीटरच्या पट्टीचा हा सहावा हिस्सा. वेग 10 टक्क्यांनी जास्त असला तर थांबवायची ऊर्जा 21 टक्क्यांनी जास्त. आणि वारा? दहा नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग 110, मागून असेल तर 130. आकडे जवळजवळ वाटतात, पण ब्रेकना जिरवायची ऊर्जा सुमारे 40 टक्क्यांनी वाढते. म्हणून पट्टीवरचा विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, फाटलेला असणं, किंवा स्वागताच्या फ्लेक्सच्या आड गेलेला असणं, ही गंभीर गोष्ट आहे. विमान येण्याच्या आदल्या दिवशी तो पाहून घ्या.

इंग्लंडमधल्या ब्लॅकबुशला 31 जुलै 2015 ला एम्ब्रेअर फेनोम 300 उतरलं तेव्हा हवा चांगली होती, विमान चांगलं होतं. मध्ये दुसरं विमान आडवं आल्यानं घाईघाईत उंची-वेगाची जुळवाजुळव करावी लागली. शेवटच्या साडेतीन मिनिटांत यंत्रणेनं पायलटाला 66 ध्वनिसूचना दिल्या. इतक्या आवाजांत त्याचं मन एकाच गोष्टीला चिकटून बसलं: उतरायचं. ठरलेल्या वेगापेक्षा सुमारे 40 नॉट जास्त वेगानं विमान पट्टीच्या तोंडाशी आलं, निम्म्याहून जास्त पट्टी मागं टाकून टेकलं, पट्टीबाहेर जाऊन पेटलं, चौघं गेले. त्याच्या उलट चूक मिनेसोटातल्या ओवाटोनाला झाली, 31 जुलै 2008 ला. वादळ नुकतंच पुढं सरकलेलं, पट्टी ओली, वारा मागून. हॉकर 800 टेकलं, पायलटानं ब्रेक लावले, थांबत नाही असं वाटून मग पुन्हा उडायचा प्रयत्न केला. तेव्हा पट्टीच शिल्लक नव्हती. आठ जण गेले. गो-अराउंडचा निर्णय हवेतच घ्यायचा असतो, तो इथं टेकल्यावर आणि ब्रेक लावल्यावर झाला.

आपल्याकडं यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. एक म्हणजे ऊन. समुद्रसपाटीपासून हजार फुटांवरच्या गावात मे महिन्यात पारा 45 ला गेला की हवा इतकी विरळ होते, जणू पट्टी पाच हजार फुटांच्या डोंगरावर आहे. पायलटासमोरच्या वेगमापकावर वेग तोच दिसतो, जमिनीवरून पळण्याचा खरा वेग जास्त असतो, पट्टी जास्त खर्च होते. दुपारी दोनची सभा असेल तर विमान सकाळी येऊ द्या. साहेबांना चार तास रेस्ट हाउसवर काढावे लागले तर लागले.

दुसरी गोष्ट वळवाची. एप्रिल-मेमधलं वावधान आपल्याला नवीन नाही, पण विमानाच्या बाबतीत लोक त्याला फार हलकं घेतात. काळ्या ढगातून थंड हवेचा लोट खाली आदळतो आणि चारी दिशांना पसरतो. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून जोराचा वारा लागतो, वेग वाढल्यासारखा दिसतो, पायलट इंजिन कमी करतो, आणि पुढच्या काही क्षणांत तोच वारा पाठीमागून येऊन विमान खाली दाबतो. असा लोट चार किलोमीटरच्या आत मावतो आणि बहुधा पाच ते पंधरा मिनिटांत विरतो. म्हणजे धूळ उडताना दिसली तर अर्धा तास थांबणं एवढाच उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

पट्टी म्हणजे पटांगण नव्हे

वापरात नसलेल्या पट्टीवर लोक सकाळी फिरतात, गाडी शिकतात, सोयाबीन वाळवतात, गुरं सोडतात. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं कुंपण मानत नाहीत. विमान यायच्या तासभर आधी एका गाडीनं संपूर्ण पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घ्यायला हवी: कुत्री, खडे, दोरी, पॉलिथिन, सगळं. पुढच्या चाकानं उडालेला खडा मागच्या इंजिनात जातो. मांडव आणि हारतुरेवाल्यांची गर्दी पट्टीच्या टोकाला कधीच नको, कारण न थांबलेलं विमान तिथंच येतं.

विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत कचरा टाकायला आणि उघड्यावर जनावरं कापायला कायद्यानं मनाई आहे. घारी तिथूनच येतात. ग्रामपंचायतीनं कचऱ्याची जागा ठरवताना नकाशावर हे वर्तुळ काढून पाहावं. ड्रोनचं म्हणाल तर फवारणीचा असो की लग्नाच्या शूटिंगचा, आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी ऑनलाइन नकाशावर आपलं वावर कोणत्या रंगात येतं ते बघा. लाल असेल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही.

अपघात झालाच तर

पहिला फोन 112 ला, दुसरा 108 ला, आणि जागा सांगताना गट नंबर नको, रस्त्यावरून दिसणारी खूण सांगा. जिवंत माणसाला बाहेर काढणं सगळ्यांत आधी, त्यासाठी काहीही तोडा, हलवा. पण वारा पाठीवर घेऊन जा, धुरात शिरू नका. नव्या विमानांत कार्बन फायबर असतं, जळाल्यावर त्याचे सुईसारखे तंतू फुप्फुसात जातात. आत ऑक्सिजनची नळकांडी असतात, बॅटऱ्या असतात, तापलेली टायरं फुटतात. सांडलेल्या इंधनाजवळ बिडी पेटवणारा एक तरी भेटतोच, त्याला आधी दूर करा.

माणसं बाहेर निघाली की मग एकाही तुकड्याला हात लावायचा नाही. भंगारवाल्याला तर नाहीच, पण ‘साहेब येईपर्यंत गोळा करून ठेवू’ म्हणूनही नाही. विमानाचा पहिला स्पर्श कुठं झाला, कोणत्या बाभळीचा शेंडा कोणत्या उंचीवर तुटला, मातीत पंखाची रेघ कुठून कुठं गेली, यावरून शेवटच्या क्षणाचा कोन आणि वेग काढता येतो. लहान विमानांमध्ये ब्लॅक बॉक्स असेलच असं नाही, तेव्हा तर ही माती हाच पुरावा. आपल्याकडं चौकशी केंद्राचं विमान अपघात तपास ब्युरो करतं. त्यांचा प्राथमिक अहवाल साधारण 30 दिवसांत अपेक्षित असतो. त्याआधी कुणी ‘खरं कारण’ सांगत असेल तर ते पुढं पाठवू नका.

साक्षीदार असाल तर इतरांशी बोलायच्या आधी कागदावर लिहा: कोणत्या दिशेनं आलं, आवाज सलग होता की तुटक, चाकं बाहेर होती का, तुम्ही कुठं उभे होता. आग हवेतच लागली होती असं अनेकांना नंतर ठामपणे आठवतं, आणि चौकशीत ती पडल्यावर लागलेली निघते. चार जणांच्या गप्पांत आठवणी अशाच एकमेकांच्या होतात. मृतांची छायाचित्रं काढू नका. विमानाचा व्हिडिओ असेल तर मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या आणि तपास अधिकाऱ्याला तीच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत वेळेचा तपशील गळतो, आणि इंजिन किती वेगानं फिरत होतं हे ज्या आवाजावरून काढतात तोही घासून निघालेला असतो.